रंकाळ्यावर बाबांनी विचारलेला प्रश्न
आज पहाटे बाबांना घेऊन रंकाळ्यावर गेले. निम्म्या फेरीनंतर कट्ट्यावर टेकलो, तेव्हा त्यांनी खिशातनं गोळ्यांची पट्टी काढली. चंदेरी कागदावर बारीक अक्षरात सिटाग्लिप्टिन, त्यांची मधुमेहाची गोळी. "ही पोटात जाऊन नेमकं करती काय गं?"

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीत केलं, पण घरी हे कधी सांगितलंच नव्हतं. वाईट वाटलं.

सांगितलं: जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पण पेशींच्या पृष्ठभागावर डीपीपी-४ हे एन्झाइम बसलेलं असतं. ते या हार्मोनच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कातरतं आणि १ ते २ मिनिटांत निम्मं हार्मोन निकामी होतं. तुमची गोळी ती कात्री अडवते. आणि बाबा, चरबीच्या पेशींवरही हेच एन्झाइम असतं, त्या ते रक्तातही सोडतात! म्हणजे चरबी हे नुसतं साठवणीचं पोतं नाही. मला तर अजूनही याचं नवल वाटतं.

बाबा पोटावर हात ठेवून ऐकत होते. परतताना गंगावेशीत म्हशीची धार काढणं चालू होतं. त्यांनी आज अर्धाच ग्लास मागितला, फेस बोटानं बाजूला सारून सावकाश प्यायले. उद्या पूर्ण फेरी मारायची म्हणालेत.