ई-टर्बोचा बाजार मोजताना: माझा अनुभव

वाहनांमधल्या इलेक्ट्रिक टर्बोचार्जरची जागतिक बाजारपेठ किती मोठी, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. टर्बोचार्जर म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र; इलेक्ट्रिक प्रकारात विजेच्या मोटरची जोड असते. दोन-चार अहवाल वाचले की आकडा हाती लागेल, असं वाटलं होतं. पण तीन अहवालांचे सारांश समोर ठेवले तर त्यांचा एकमेकांशी मेळच बसेना. घोळ व्याख्येत होता. एकाने नुसत्या विजेवर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरलाही इलेक्ट्रिक टर्बो म्हटलं होतं. दुसऱ्याने टर्बाइनच्याच शाफ्टवर मोटर असलेला टर्बो, म्हणजे ई-टर्बो, तेवढा धरला होता.

मग अहवाल मिटले आणि सरळ गाड्या मोजायला बसलो. तक्त्यातली पहिली ओळ 2016 च्या ऑडी एसक्यू7 ची. तिच्या डिझेल व्ही8 ला दोन नेहमीचे टर्बो आहेतच, शिवाय 7 किलोवॅटचा वेगळा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आहे, पाव सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेणारा. 2022 ची मर्सिडीज-एएमजी सी43 मात्र निराळ्या रकान्यात गेली. तिच्या गॅरेट कंपनीच्या टर्बोत टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या मधोमध, शाफ्टवरच, जेमतेम 4 सेंटिमीटर जाडीची मोटर आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ती टर्बो फिरता ठेवते. हे चित्र बघताना मी बराच वेळ थांबलो. फॉर्म्युला 1 शर्यतींमध्ये 2014 ला आलेली कल्पना रस्त्यावरच्या गाडीत आली होती!

पुढचा धागा व्होल्टेजचा. 7 किलोवॅट 12 व्होल्टवर हवे असतील तर सुमारे 580 अँपिअर लागतात, 48 व्होल्टवर 146. इतका प्रवाह 12 व्होल्टच्या गाडीत परवडणार नाही, म्हणून 48 व्होल्टच्या गाड्यांचं उत्पादन हीच माझ्या अंदाजाची कमाल मर्यादा धरली. मला ही पद्धत फार पटली होती. पण 2024 ची पोर्शे 911 कॅरेरा जीटीएस समोर आली. तिचा ई-टर्बो 400 व्होल्टच्या यंत्रणेवर चालतो आणि एक्झॉस्टमधून 11 किलोवॅटपर्यंत वीजही बनवतो. मर्यादा मोडली. हायब्रिड गाड्यांसाठी वेगळा रकाना करावा लागला.

पुरवठादारांच्या वार्षिक अहवालांतून फारसं निघालं नाही. गॅरेट आपली विक्री पेट्रोल, डिझेल, व्यावसायिक वाहनं, आफ्टरमार्केट (बदली सुटे भाग) अशी दाखवते. ई-टर्बो त्यातच मिसळलेला. शेवटी मी एकच आकडा दिला नाही. कॉम्प्रेसर आणि ई-टर्बो यांचे दोन वेगळे पल्ले दिले, आणि प्रत्येकाखाली त्यात धरलेल्या गाड्यांची नावं.