आमची वाटचाल : ज्याचे पैसे, त्याची सीट

आमचा मूळ धंदा उद्यमनगरातला, इंजिन रिबोअरिंगचा, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कातून देण्याचा. कोल्हापुरात कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांचा ट्रॅक झाला आणि पोरं कार्टची इंजिनं घेऊन दारात यायला लागली. आधी नुसती दुरुस्ती, मग स्वतःच्या कार्ट, पुढे एलजीबी फॉर्म्युला फोर या नवोदितांच्या स्पर्धेच्या एकसीटी गाड्या, असं करत आम्ही रेसिंग टीम होऊन बसलो.

भेटणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ड्रायव्हरला पगार किती देता? देत नाही, घेतो. या पातळीवर ड्रायव्हर हाच गिऱ्हाईक. हंगामाच्या भाड्यात गाडी, टायर, पेट्रोल, मिस्त्री आणि रेससाठी कोइमतूरपर्यंतचा ट्रक, सगळं आलं. यावर नाक मुरडणारे पुष्कळ. पण नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये जॉर्डन टीमच्या गाडीत बसला, तेव्हा त्याच्यामागेही टाटांचं पाठबळ होतंच. निकी लाउडानं तर सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून सीट मिळवली होती. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला.

भाडं मिळतं. कटकट असते ती मोडतोडीच्या बिलाची. कोइमतूरच्या कारी स्पीडवे ट्रॅकवर आमच्या एका मुलानं पुढच्याच्या मागच्या चाकावर गाडी घातली. चाक धरणारा विशबोन वाकला, गाडीच्या नाकाचे, नोज कोनचे तुकडे झाले. वडील म्हणाले, समोरच्यानं ब्रेक लवकर मारला. मी लॅपटॉप उघडला. गाडीचा वेग नोंदवणाऱ्या डेटा लॉगरवर आधीच्या प्रत्येक लॅपला वेगाची रेष जिथं खाली वळत होती, तिथं या लॅपला ती सरळच पुढे गेलेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग चेकबुक काढलं, तेही अर्ध्या रकमेसाठी. उरलेले गणपतीनंतर! त्यामुळे मोडतोडीचं डिपॉझिट आता गाडी ट्रकमधून उतरायच्या आधी.

नफ्यातून एक सीट मात्र आम्ही बिनपैशाची ठेवतो. यात दानधर्म काही नाही. पुढच्या वर्षी पैसे भरणारे पालक आधी निकाल बघतात, आणि निकाल आणायला वेगवान मुलगा लागतो. गंमत अशी, की हंगामाच्या मध्यात आम्ही बदलू शकतो तो फक्त हाच ड्रायव्हर. पैसे भरलेला कितीही हळू चालवो, हप्ते वेळेवर आले तर सीट त्याची.

पालक फॉर्म्युला वनमधल्या रेड बुल टीमचं उदाहरण देतात. २०२५ मध्ये त्यांनी लियम लॉसनला दोन रेसनंतर त्यांच्याच धाकट्या टीममध्ये पाठवलं आणि जपानच्या सुझुकाच्या रेसला युकी त्सुनोदाला आणलं. मग तुम्ही त्या हळू पोराला का काढत नाही? साहेब, तिथं पगार टीम देते, आणि लॉसनला सामावून घ्यायला त्यांची दुसरी टीम होती. आमच्यासारख्यांनी एचआरटी या फॉर्म्युला वनच्या छोट्या टीमकडे बघावं. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या रेसपासून नारायणच्या जागी डॅनियल रिकार्डो आला, कारण त्याच्यासाठी रेड बुल पैसे मोजत होतं. पण ग्रेटर नोएडाच्या भारतीय ग्रां प्रीला गाडीत पुन्हा नारायण. दोन्ही वेळा हिशेब एकच, पैशाचा; स्टॉपवॉचचा नव्हे.

सीट दोघांना विकायची नाही, हा नियम मी काटेकोर पाळतो. फॉर्म्युला वनच्या सॉबर टीमनं २०१५ साली दोन गाड्यांसाठी दोनपेक्षा जास्त ड्रायव्हरांशी करार केले. त्यातला गिडो व्हॅन डर गार्ड मेलबर्नला कोर्टात गेला आणि ऐन रेसच्या आठवड्यात जिंकला. शेवटी भरपाई घेऊन त्यानं सीट सोडली. तेवढी भरपाई द्यायची तर आम्हाला वर्कशॉप विकावं लागेल.

पुढच्या हंगामाचे करार दिवाळीनंतर सुरू होतील. भाड्याचे हप्ते तीन, पहिला सहीच्या वेळी. हप्ता चुकला तर पुढच्या फेरीची सीट मोकळी. भरलेल्या फेऱ्या मात्र ज्याच्या त्यालाच. एक कलम यंदा नवीन आहे : रेस चालू असताना वडिलांनी पिट वॉलवरून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या भिंतीवरून, हातवारे करायचे नाहीत. त्यावर सही वडिलांचीच लागेल, मुलाची चालणार नाही.