मंगळवारचं विमान

घरात मयत झालं की पहिला प्रश्न उठतो, मुलगा कधी पोचतोय? मुलगा परदेशात असला तर तो प्रश्न माझ्यापर्यंत येतो. बेळगावात माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे.

त्या उन्हाळ्यात एका बुधवारी पहाटे साडेपाचला खानापूर तालुक्यातल्या ओळखीच्या घरून मामांचा फोन आला. वडील रात्रीतच गेले होते. थोरला मुलगा अमेरिकेत, सॅन होजेला. पुतण्याने मोबाइलवर विमानं शोधून हिशेब केला होता: सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला थेट येणारं विमान मंगळवारी रात्री नऊचं, म्हणजे ते गेलं. वाटेत बदलत येणाऱ्या विमानांनी शुक्रवार उजाडणार. तेवढं थांबवत नाही, म्हणून दुपारीच उरकायचं ठरलं होतं. मुलगा निदान दिवसकार्याला तरी पोचेल ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"मामा, आज काही करू नका. ते विमान अजून सुटायचंय."

"आज बुधवार की ओ!"

"आपल्याकडे. तिथं मंगळवारची संध्याकाळ आहे, आत्ता पाच वाजलेत."

उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. तिकिटावर सुटण्याची वेळ तिथली छापतात आणि पोचण्याची इथली. रोज तिकिटं काढणारेही यात फसतात, मग ज्याच्या घरात मयत पडलंय त्याचं काय होणार? मला त्या पोराचा राग आला नाही, पोटात गोळा आला. मी झोपून राहिलो असतो तर?

मुलाला फोन लावला. पासपोर्ट हाताशी होता. "तिकीट मी बघतो, तू आधी गाडीत बस," म्हटलं. सॅन होजेहून विमानतळ पन्नासेक किलोमीटर, त्यात ऑफिस सुटायची वेळ. जागा मिळाली, पैशाचं मी विचारलंच नाही.

तिकीट पाठवल्यावर घरात पुन्हा गोंधळ. मंगळवारी रात्री नऊला निघून गुरुवारी पहाटे अडीचला बेंगळुरू! मामांनी साडेएकोणतीस तास मोजले, आणि आईला वाटलं पोरगं एवढा वेळ आकाशातच राहणार. खरा प्रवास सतरा तासांचा. अंतर जवळजवळ 14,000 किलोमीटर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाकडे सरकतो. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं या मार्गावरचं पहिलं विमान ध्रुवावरूनच आलं होतं आणि त्यात सगळ्या वैमानिक महिला होत्या. हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बर्फावरून येतोय लेकरू."

बेंगळुरूहून गाडीने पाचशे किलोमीटर, नऊ तास तरी जातात. त्यापेक्षा सकाळच्या विमानाने तासाभरात सांबरा, म्हणजे आमचं बेळगावचं विमानतळ. दरम्यान गावात शीतपेटी आणली गेली. गुरुवारी दहाच्या सुमारास मुलगा घरी पोचला आणि अग्नी त्यानेच दिला.

तेराव्यानंतर त्याचं परतीचं तिकीट मीच काढलं: दुपारी अडीचला बेंगळुरूहून सुटून त्याच तारखेला संध्याकाळी सहाला सॅन फ्रान्सिस्को. घ्यायला पुतण्याच आला होता. त्याने कागदावर साडेबारा मिळवले आणि म्हणाला, "सोळा तास. बरोबर ना, काका?"