उणे एक

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातला दुसरी शाळा भरते. हॉलमध्ये सतरंजी, तिच्यावर सासूबाई, थोरली, धाकटा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत एका गुडघ्यावर टेकलेली मी. एक गीत, एक उतारा, पाठांतराचं वचन, मग प्रार्थना. सासूबाई नगरच्या. त्यांच्या माहेरी टिळकांची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं टाळांवर म्हणत, त्यामुळे टाळ हवेतच. ते चार वर्षांच्या धाकट्याच्या हातात असतात. शेजारच्या काकूंना आमच्या प्रार्थनेची वेळ विचारावी लागत नाही.

अमेरिकेतली माझी मामेबहीण मुलांना शाळेत घालतच नाही, घरीच शिकवते. तिचा उरक दांडगा. गेल्या वर्षी तिने नाताळच्या आधीच्या चोवीस दिवसांचा बेत पाठवला. रोज एक पाकीट उघडायचं, आत वचन, गोष्ट आणि काहीतरी कातरकाम. मी रात्री जागून पाकिटं भरली, नंबर घातले, दोरीवर चिमट्यांनी लावली. पाच डिसेंबरला मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात उरलेली एकोणीस पाकिटं एका बैठकीत उघडली गेली. गोष्टी कोणी वाचल्या नाहीत. यंदा मी बेत केलाच नाही. फक्त बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ करून घ्यायचं ठरवलं.

'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.' पहिल्याच ओळीवर गाडी अडली. थोरली दुसरीत आहे.

"आजी, उणे म्हणजे वजा ना?"

"उणे म्हणजे कमी गं. काही कमी पडणार नाही."

"मग वजाच की."

सासूबाईंची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. ते मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि १९२४ मध्ये ते तिथल्याच छापखान्यात पूर्ण छापून झालं. आणि इथे एका 'उणे'पुढे आम्ही दोघी बायका हात टेकून बसलेल्या.

धाकट्याची अडचण वेगळी होती. मेंढपाळ म्हणजे काय, हे त्याला कॅलेंडरवरून माहीत होतं. तिथे गोरापान येशू, खांद्यावर नुकतंच धुतल्यासारखं पांढरं कोकरू आणि मागे कुठलीशी परदेशी हिरवळ आहे. मेंढपाळ नेमकं करतो काय, यावर त्याचं उत्तर तयार होतं : "आंघोळ घालतो."

आम्ही सासवड रस्त्याला राहतो. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरणारी बिऱ्हाडं, इकडून कोकणाकडे उतरायला लागतात. एका रविवारी चर्चहून येताना कळप आडवा आला आणि स्कूटर थांबवावी लागली. शेकडो मेंढरं, जवळजवळ सगळी काळी नाहीतर करडी. अंगाला धुळीचा थर, आणि ओल्या घोंगडीला येतो तसला वास. मागून घोडं, त्यावर भांडी, राहुटीचं पाल, बांधलेल्या दोन कोंबड्या आणि सगळ्यांत वर एक नुकतंच जन्मलेलं कोकरू, डोळे मिटून. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, ही काळी आहेत."

पलीकडच्या रानात त्यांनी मुक्काम टाकला. रात्री शेतात मेंढरं बसवली की लेंडीचं खत मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. संध्याकाळी मी मुलांना घेऊन बांधापर्यंत गेले. थोरलीने तिथल्या बाईंना विचारलं, "मावशी, तुम्ही रोज मोजता?"

"मोजायचं कशाला?" त्या चुलीत काटकी सारत म्हणाल्या, "एखादं नसलं की कळतंच."

त्या रात्री मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढली. शंभरातलं एक हरवतं, नव्याण्णव रानात सोडून मेंढपाळ त्याच्या मागे जातो. थोरली लगेच म्हणाली, "शंभर उणे एक!" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी क्वचितच पाहिलंय.

डिसेंबरच्या मध्याला गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, ताटलीत गहू पेरले. शेजारच्या काकूंचा घटस्थापनेचा अनुभव दांडगा. "पाणी शिंपड, ओतू नकोस," असं दोनदा बजावून गेल्या. गहू वीतभर वर आले. प्लास्टरच्या पाच मेंढ्या होत्या, पांढऱ्या. त्या धाकट्याने पोस्टर कलरने काळ्या केल्या. त्या नादात एक राजाही काळा झाला, पण बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांपैकी एक तसा असतोच, म्हणून तो चालून गेला.

तेव्हापासून प्रार्थनेआधी थोरली मेंढ्या मोजते. तेवीस तारखेला चारच भरल्या.

"पाच उणे एक," ती म्हणाली आणि टाळ थांबले. देखाव्यातल्या शेकोटीपाशी नाही, ताटलीमागे नाही, धाकट्याच्या खिशात नाही. बहात्तर वर्षांच्या सासूबाई बॅटरी घेऊन सोफ्याखाली वाकल्या. नाताळची साफसफाई पूर्ण झाल्याचं मी आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"सापडलं काहीतरी," आतून आवाज आला. निघालं ते गेल्या वर्षीचं फाटलेलं सतरा नंबरचं पाकीट.

"मेंढी कुठाय?" धाकटा रडवेला झाला.

"अगं, आधी गॅस बंद कर," सासूबाई म्हणाल्या आणि परत सोफ्याखाली वाकल्या.