स्पॉकचे एका पानाचे चरित्र

स्टार ट्रेक ही अमेरिकन विज्ञानकथा-मालिका नव्याने पाहू लागलेल्या काही स्नेह्यांसाठी मी तिच्यातल्या स्पॉक या अर्धा मानव, अर्धा व्हल्कन (परग्रहवासी) अशा पात्राचा एका पानाचा परिचय लिहून ठेवला होता. जन्म, आईवडील, भावंडे, हुद्दा, सेवेची वर्षे, घराण्याचे नाव असे त्याचे रकाने होते आणि इतक्या वर्षांच्या परिचयावर विसंबून मी ते बहुतेक आठवणीतूनच भरले होते. त्यांतल्या एकीने साधा प्रश्न विचारला : “‘आईवडिलांचा एकुलता एक मुलगा’ हे कोणत्या भागात सांगितले आहे?” मला भाग सांगता आला नाही, कारण तसे कुठे सांगितलेलेच नव्हते. मूळ मालिकेत भावंडांचा उल्लेख येत नाही, एवढ्यावरून ते वाक्य मी स्वतःच रचले होते. प्रत्यक्षात १९८९ च्या चित्रपटात सायबॉक हा सावत्र भाऊ आला आणि २०१७ पासूनच्या ‘डिस्कव्हरी’ मालिकेत स्पॉकचे वडील सारेक व आई अमांडा यांनी वाढवलेली मायकेल बर्नहॅम ही मानवी बहीण आली. ते पान मी बाजूला ठेवले आणि प्रत्येक रकाना पुराव्यानिशी पुन्हा भरायचे ठरवले.

नियम मी नव्याने शोधला नाही. स्टार ट्रेकच्या बाबतीत मालिका आणि चित्रपट यांत जे पडद्यावर घडले ते कॅनन, म्हणजे कथाविश्वात अधिकृत धरले जाणारे, आणि कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे त्याबाहेर, ही वाट मळलेलीच आहे. मी तिला एवढीच जोड दिली की प्रत्येक नोंदीसमोर भागाचे नाव, वाक्य कोणाच्या तोंडी आहे आणि ते कोणत्या प्रसंगी आले, हे तिन्ही लिहायचे. पात्र स्वतःबद्दल जे बोलते आणि संगणकातल्या नोंदीत जे वाचले जाते, त्यांचे वजन सारखे नसते.

आईच्या रकान्याला काही क्षण पुरतील असे वाटले होते, पण त्यात अख्खी संध्याकाळ गेली. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या भागात बुद्धिबळाच्या पटावर बसलेला स्पॉक म्हणतो की आपल्या पूर्वजांपैकी एकाने मानवी स्त्रीशी लग्न केले होते. ‘द नेकेड टाइम’मध्ये मात्र तो आईबद्दलच बोलतो, तिच्यावर प्रेम असल्याचे आपण तिला कधी सांगू शकलो नाही म्हणून रडतो, आणि ती पृथ्वीवरची स्त्री होती हे तिथे स्पष्ट होते. हे दोन्ही भाग सप्टेंबर १९६६ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने प्रसारित झाले, त्यामुळे प्रसारणाच्या तारखा पाहून मी गोंधळलो. निर्मितीचा क्रम पाहिल्यावर उलगडा झाला. पहिल्याचे चित्रीकरण १९६५ च्या उन्हाळ्यात, मालिका मंजूर होण्याआधीच झाले होते, म्हणजे स्पॉकचे घर अजून लिहिणाऱ्यांच्याच मनात पक्के व्हायचे होते. त्यानंतर चित्रित झालेल्या ‘द कॉर्बोमाइट मॅन्युव्हर’मध्ये तो सांगतो की आई स्वतःला भाग्यवान समजत असे. ते वाक्य भूतकाळात असल्याने ती हयात नसावी अशी शंका येते, पण नोव्हेंबर १९६७ मधल्या ‘जर्नी टू बाबेल’मध्ये अमांडा प्रत्यक्ष स्पॉकच्या अवकाशजहाजावर येते. आई हीसुद्धा पूर्वजच, अशी सारवासारव मला करता आली असती. तसे न करता मी ‘आई मानवी’ ही नोंद केली आणि बुद्धिबळाच्या पटावरचे वाक्य तिच्याखाली जसेच्या तसे ठेवले. दोन वाक्ये जुळत नसतील तर ती जुळत नाहीत हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.

अमांडाचे माहेरचे आडनाव ग्रेसन. हे आले १९७३ मधल्या ‘येस्टरइयर’ या ॲनिमेटेड भागातून, आणि ॲनिमेटेड मालिका कॅननमध्ये धरायची की नाही यावर बराच काळ वाद होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिला अधिकृतपणे वगळले गेले होते. मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी १९९३ मध्ये जो कालानुक्रम ग्रंथरूपात मांडला, त्यातही ही मालिका वगळलेली होती, परंतु स्पॉकच्या बालपणाचा हा एक भाग त्यांनी विचारात घेतला. डी. सी. फोंटाना यांनी लिहिलेला तो भाग इतका भक्कम आहे की त्याला बाजूला ठेवणे मलाही जमले नसते, पण ही माझी आवड झाली, पुरावा नव्हे. मी आडनाव लिहिले आणि ते कुठून आले हेही लिहिले.

हुद्द्याचा रकाना मात्र पडद्यावरचेच दोन पुरावे एकमेकांसमोर उभे राहिल्याने अडला. फेब्रुवारी १९६७ मधल्या ‘कोर्ट मार्शल’मध्ये साक्षीच्या वेळी संगणक त्याची सेवानोंद वाचून दाखवतो : अनुक्रमांक एस १७९-२७६ एसपी, हुद्दा लेफ्टनंट कमांडर. मी तिथेच चित्र थांबवले आणि स्पॉकच्या बाहीकडे पाहिले. तिथे दोन पूर्ण सोनेरी पट्ट्या आहेत, आणि त्या जहाजावर दोन पूर्ण पट्ट्या कमांडरच्या असतात. लेफ्टनंट कमांडरची दुसरी पट्टी तुटक असते. मी हा प्रसंग तीनदा पाहिला. शेवटी ‘नोंदीत लेफ्टनंट कमांडर, गणवेशावर कमांडर’ असे दोन्ही लिहिले. सेवेच्या वर्षांनी मात्र मुळीच त्रास दिला नाही. जहाजाचा आधीचा कॅप्टन पाइक याच्या हाताखाली अकरा वर्षे, चार महिने, पाच दिवस, हे ‘द मेनॅजरी’मध्ये स्पॉक स्वतः सांगतो, आणि अशा हिशेबात चुकणाऱ्यांतला तो नाही.

जन्मतारखेत मात्र माझ्या हातून खरी चूक झाली. २२३० हे वर्ष आधी फक्त अनुमानाने सांगितले जाई. २०१६ च्या ‘स्टार ट्रेक बियॉन्ड’मध्ये, मूळ स्पॉक साकारणारे लेनर्ड निमॉय यांच्या निधनानंतर, वृद्ध राजदूत स्पॉकच्या मृत्यूची बातमी तरुण स्पॉकला मिळते आणि पडद्यावर क्षणभर दोन आकडे दिसतात : २२३०.०६ आणि २२६३.०२. हा चित्रपट वेगळ्या कालप्रवाहातला, तरुण स्पॉक हा तिथलाच दुसरा स्पॉक, म्हणून हा पुरावा चालेल का अशी मला धास्ती होती. पण ते आकडे मूळ कालप्रवाहातून आलेल्या राजदूताचे आहेत, म्हणजे आपण १९६६ पासून पाहत आलो त्याच स्पॉकचे. मी आनंदाने ‘जून २२३०’ असे लिहून टाकले. दोन दिवसांनी त्याच मालिकेतला २००९ चा चित्रपट पुन्हा पाहताना लक्षात आले की या चित्रपटांच्या स्टारडेटमध्ये, म्हणजे कथेतल्या तारखेच्या आकड्यात, बिंदूनंतर महिना नसतो, वर्षातला कितवा दिवस ते असते. म्हणजे ६ जानेवारी. पान तोवर दोघांकडे गेले होते. दोघांनाही दुरुस्ती कळवली आणि नोंदीत पडद्यावरचा आकडा आधी व माझा अर्थ नंतर, असा क्रम केला. हाच क्रम आरंभापासून ठेवला असता तर ती चूक वाचणाऱ्याच्याही लगेच ध्यानात आली असती.

राहिले घराण्याचे नाव. १९८० च्या दशकातल्या एका कादंबरीत ते दिलेले आहे आणि चाहत्यांच्या तोंडी ते इतके बसले आहे की माझ्याही पहिल्या पानावर ते होते. कादंबरी कॅननबाहेर, म्हणून ते खोडले आणि त्याजागी ‘मानवांना उच्चारता न येणारे’ असे लिहिले. ‘धिस साइड ऑफ पॅराडाइज’मध्ये त्याची जुनी परिचित लीला त्याला दुसरे नाव विचारते तेव्हा स्पॉकचे उत्तर तेच असते, तुला ते उच्चारता येणार नाही. मग आईच्या रकान्यासाठी लावलेला ‘जर्नी टू बाबेल’ मी शेवटपर्यंत पाहिला. जहाजाचा कॅप्टन कर्क अमांडाला कसे संबोधावे या विचारात पडतो, ती म्हणते की व्हल्कन नाव तुम्हाला उच्चारता येणार नाही, आणि कर्क विचारतो, तुम्हाला येते का? ती हसून सांगते की येते, कसेबसे, आणि तेही अनेक वर्षांच्या सरावानंतर. अमांडा मानव आहे. मी माझे वाक्य पुन्हा खोडले आणि त्या रकान्यात लिहिले : ‘नाव मूळ मालिकेत दिलेले नाही, अमांडाला सरावाने उच्चारता येते.’