लाकडाचा बॉयलर काढला, कोळसा आणला

गेल्या हिवाळ्यापासून आमचं घर कोळशावर तापतं. त्याआधी परसात लाकडाचा बॉयलर होता. चंद्रपूरच्या मैत्रिणी विचारतात, "अमेरिकेत जाऊन कोळसा?" आणि इथले मराठी स्नेही विचारतात, "लाकूड सोडून कोळसा कशाला?" प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियाच्या स्कूलकिल काउंटीत, टमाक्वाजवळच्या एका टेकडीवर. गॅसची पाइपलाइन आमच्या रस्त्यापर्यंत येत नाही. घर जुनं, ओतीव लोखंडाचे रेडिएटर, आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो. घर घेतलं तेव्हाच आधीच्या मालकाचा बॉयलर परसात उभा होता. बाहेरून पत्र्याची खोली, वर आखूड धुराडं. आत मोठी भट्टी, तिच्याभोवती पाणी. ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून तळघरात येतं आणि तिथून रेडिएटरांतून घरभर फिरून खोल्या तापवतं. आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्याचंच हे खोलीएवढं रूप.

फरक जाळात आहे. बंबात चार ढलप्या टाकल्या की जाळ मोकळा उठतो आणि पाणी तापलं की काम संपतं. या बॉयलरला झडप असते. पाणी सुमारे 82 अंश सेल्सियसला पोचलं की ती मिटते, हवा बंद होते आणि आतले ओंडके तासन्‌तास नुसते धुमसत राहतात. धुमसणाऱ्या लाकडातले वायू न जळताच बाहेर पडतात. भट्टीच्या भिंतींवर डांबरासारखा चिकट थर बसतो. धुराडं बुटकं आणि धूर थंड, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. पेनसिल्व्हेनियाने 2010 मध्ये अशा नव्या बॉयलरांसाठी धुराची मर्यादा, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर आणि धुराड्याची उंची ठरवून दिली. आमचा त्याच्या बराच आधीचा.

लाकडाचं कष्टाचं गणित थोडक्यात सांगते. मधली बरीच वर्षं इथे अॅश नावाच्या झाडाचं लाकूड मुबलक मिळायचं, कारण पाचूच्या रंगाच्या एका भुंग्याने, एमराल्ड अॅश बोररने, इथली अॅशची झाडं मारून टाकली. 2007 मध्ये तो या राज्यात सापडला. आता ती मेलेली झाडं संपत आली. ओकचं लाकूड फोडून दोन उन्हाळे वाळवल्याशिवाय धड जळत नाही. नवऱ्याच्या कमरेला ते फोडणं, रचणं झेपेना. बर्फात पहाटे भट्टी भरायला जाणं मलाही नको झालं होतं.

पण एवढ्यासाठी मी बॉयलर बदलला नसता. उताराखालच्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे आणि तिला दमा आहे. मी रुग्णालयात श्वसनविकारांच्या विभागात काम करते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात कुठवर उतरतात, हे मला कुणी सांगायला नको. वारा पडलेल्या थंड सकाळी आमचा धूर पांढऱ्या चादरीसारखा त्यांच्या अंगणात जाऊन बसायचा. तिच्या आईने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. ती फक्त खिडक्या लावून घ्यायची. माझ्या घराच्या उबेसाठी दुसऱ्याच्या लेकराने इनहेलर ओढावा, हे मला सहन होईना.

पर्याय तपासले. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारं यंत्र. त्यासाठी आधी भिंतींत इन्सुलेशन, नवं विजेचं पॅनल आणि जुन्या रेडिएटरांचा फेरविचार, एवढं सगळं एका वर्षात पेलणारं नव्हतं. हीटिंग ऑइलचा भाव कधी चढेल याचा भरवसा नाही. आणि कोळसा? तो आमच्या पायाखाली आहे. एका टनात साधारण 180 गॅलन तेलाइतकी उष्णता असते, आणि तो धुऊन, फोडून, चाळून देणारा कारखाना, ज्याला इथे ब्रेकर म्हणतात, घरापासून अर्ध्या तासावर आहे.

इथला कोळसा अँथ्रासाइट आहे. मी कोळशाच्या गावची. बाबांची सगळी नोकरी घुग्गुसच्या खाणीत गेली, पण असा कोळसा मी कधी पाहिला नव्हता. काचेसारखा चकाकतो, हाताला काळं फारसं लागत नाही. आपल्याकडच्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, आणि पेटताना धूर देणारे वायू भरपूर. म्हणून तर आई शेगडी अंगणात पेटवायची, धूर पूर्ण निघून निखारे लाल झाले की मगच फडक्याने धरून आत आणायची. अँथ्रासाइटमध्ये ते वायू जवळजवळ नसतातच, म्हणून धूरही नाही.

तो पेटवणं मात्र अवघड. पूर्वी इथले लोक त्याला जळतच नाही म्हणून बाजूला टाकत. 11 फेब्रुवारी 1808 रोजी विल्क्स-बॅरीच्या जेसी फेल यांनी आपल्या खाणावळीत लोखंडी जाळीवर तो पेटवून दाखवला. त्यातलं मर्म म्हणजे हवा खालून मिळाली पाहिजे. लाकडाचा विस्तव वरून ढोसला की फुलतो, अँथ्रासाइटचा वरून ढोसला की मरतो.

आमच्या तळघरातला नवा बॉयलर हेच काम यंत्राने करतो. बाजूच्या पेटीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, 'राइस' आकाराचा कोळसा ओततो. एक दट्ट्या तो थोडा थोडा उतरत्या जाळीवर सरकवतो, खालून पंखा हवा देतो. झाकण उघडून पाहिलं तर वरच्या टोकाला काळे दाणे, मध्ये नारिंगी पट्टा आणि त्यावर नाचणाऱ्या आखूड निळ्या ज्वाळा, आणि खालच्या टोकाला फिकट राख, जी आपल्या वजनाने डब्यात पडते. ठिणगी नाही, तडतड नाही. थर्मोस्टॅटने मागितलं की जाळ वाढतो, नाहीतर टायमर थोडा थोडा कोळसा देऊन विस्तव जिवंत ठेवतो.

पहिल्याच आठवड्यात बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "धूर कुठं आहे गं?" मी फोन घेऊन बाहेर गेले आणि धुराडं दाखवलं. वर फक्त तापलेल्या हवेची थरथर. "बरं," म्हणाले, "पण धूर नाही म्हणून गाफील राहू नको. आमच्या खाणीत दिसणाऱ्या गोष्टीची भीती कमी वाटायची."

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. लाकडाचा धूर घरात शिरला तर नाकाला लगेच कळतं. अँथ्रासाइटच्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. शेगडी आत घेऊन दारं लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आमच्याकडे तळघरात एक आणि निजायच्या खोल्यांबाहेर एक असे दोन अलार्म आहेत, आणि ते मी स्वतः दाबून तपासते. कुणी कोळशाकडे वळत असेल तर आधी अलार्म लावा, बॉयलर नंतर आणा. दुसरं, मोसम संपला की धुराड्याचा नळ लगेच साफ करा. आत साचलेल्या बारीक राखेतलं गंधक पावसाळी दमट हवेत आम्ल होऊन पत्रा खातं.

राखेचं दुःख मला आहे. लाकडाची राख मी मेथीच्या वाफ्यात टाकायचे. कोळशाच्या राखेत आर्सेनिकसारखे धातू असतात, ती भाजीच्या मातीत जाता कामा नये. थोडी गोठलेल्या रस्त्यावर पसरते, म्हणजे पाय घसरत नाही. उरलेली पूर्ण थंड झाल्यावर पिशव्या भरून कचऱ्याच्या गाडीला.

आणि कार्बन. यावर मी गुळमुळीत बोलणार नाही. तेवढ्याच उष्णतेसाठी अँथ्रासाइट नैसर्गिक वायूच्या जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड सोडतो. या भागाने कोळशाची किंमत इतर तऱ्हांनीही मोजली आहे. 22 जानेवारी 1959 रोजी सस्क्वेहाना नदी नॉक्स खाणीत घुसली, 12 माणसं गेली. इथून जवळच्या सेंट्रेलियात 1962 मध्ये खाणीला लागलेली आग अजून जमिनीखाली जळते आहे, गाव उठून गेलं. खाणकामगाराची मुलगी म्हणून ही नावं माझ्यासाठी निव्वळ इतिहास नाहीत. तरीही माझं मत असं: गॅस नाही, खाण जवळ आहे, आणि वाऱ्याच्या दिशेला कुणाचं घर आहे, अशा ठिकाणी धुमसणाऱ्या जुन्या लाकडी बॉयलरपेक्षा अँथ्रासाइट बरा. दूरच्या गावी ट्रकने कोळसा मागवून घर तापवायला मात्र मी कुणाला सांगणार नाही.

आम्ही थांबलेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात पोटमाळ्यावर जाड इन्सुलेशन घातलं, आणि कोळसा कमी लागतोय हे पेटी भरतानाच कळतं. पुढे भिंती, मग वायरिंग. ते झालं की हीट पंपाचा विचार पुन्हा करू.

जुन्या बॉयलरला गिऱ्हाईक आलं होतं. पलीकडच्या खोऱ्यातला एक जण रोख पैसे घेऊन दारात उभा होता. नवऱ्याचा जीव थोडा अडकला, कारण रक्कम वाईट नव्हती. पण त्याच्या घराखालीही कुणाचं तरी घर असणारच. आम्ही भट्टी कापून भंगारात दिली, आणि उरलेलं वाळकं लाकूड घरातल्या साध्या स्टोव्हसाठी ज्यांना हवं होतं त्यांना वाटून टाकलं.