आमची वाटचाल : हर्णैची बोट आणि अण्णांचा क्रँक

आमचं भोसरीतलं वर्कशॉप म्हणजे डिझेल जनरेटरच्या ओव्हरहॉलिंगचं. सुरुवात नाना पेठेत एका छोट्या गाळ्यात, मी आणि माझा मामेभाऊ, एक चेन पुली, एक टॉर्क पाना आणि एक मायक्रोमीटर. तो मायक्रोमीटर अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हात लावू देत नाही. लोडशेडिंगच्या काळात काम भरपूर मिळालं, ते सगळं सांगत बसत नाही.

सांगायचंय २०११ चं. लेलँड ४०० या डिझेल इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, नवा घ्यायला परवडत नव्हता आणि जुन्या बाजारातले सगळे चाळीस थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड होऊन, म्हणजे घासून बारीक होऊन, संपलेले. मामेभाऊ म्हणाला, अरे कोकणात बोटींना एएलएम ४०० हे लेलँडचं बोटीसाठीचं इंजिन असतं, ते आपलं कॉमेट ट्रकचंच इंजिन. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, त्याआधी गेलो तर जुनी बोट स्वस्तात सुटेल. पाटल्या गहाण टाकून हर्णैला १ लाख ८५ हजारांत अख्खी बोट घेतली, लाकूड तिथंच विकलं आणि इंजिन तिपाईला चेन पुली लावून काढलं, टाटा ४०७ टेम्पोत घालून महाड, वरंधा घाट, भोर करत आणलं.

हेड उघडलं आणि पोटात गोळा आला. दोन लायनर (सिलिंडरच्या आतले नळे) ब्लॉकला धरून बसलेले, वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या पाणी फिरणाऱ्या पोकळीत, नख रुतेल असे खड्डे, तळाला मीठ. हीट एक्स्चेंजरवाल्या इंजिनात ब्लॉकमधून गोडं पाणी फिरतं, समुद्राचं पाणी फक्त एक्स्चेंजरमधून जातं. या बोटीचा एक्स्चेंजर चोक झाल्यावर तो बायपास करून खारं पाणी सरळ ब्लॉकमध्ये सोडलेलं, आणि दलालाला हे माहीत होतं, तो बोलला नाही. त्याचा राग अजून जात नाही.

रात्री क्रँक उतरवला. दोरीला टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा लांब वाजला, क्रॅक असता तर भद्द आवाज आला असता. मायक्रोमीटर लावला, सगळे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) स्टँडर्ड मापाचे, एकदाही ग्राइंड न झालेले! खारं पाणी क्रँकपर्यंत पोचतच नाही ना. शिवाय बोट तासन् तास एका स्पीडला चालते, समुद्रावर धूळ नाही. कनेक्टिंग रॉड, टायमिंग गिअर, कॅम सगळं कामाचं निघालं. ब्राँझचा पंखा आणि गिअरबॉक्स विकून पाटल्या सोडवल्या.

पण त्याच महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एकाने सगळीकडे सांगत सुटायला सुरुवात केली की हे लोक बोटीचं गंजकं लोखंड घालतात. तीन गिऱ्हाईकं गेली, दोन महिने गाळ्याचं भाडं थकलं, मामेभाऊ नोकरी बघू लागला. तेव्हा वाघोलीचे खडीक्रशरवाले अण्णा स्वतः आले, क्रँकवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या जनरेटर सेटला बसव, बिघडलं तर तुझ्यामाझ्यात बघू." अ‍ॅडव्हान्सही दिला. खडीच्या धुळीत तो सेट रोज बारा-बारा तास चालला, मग गेलेल्या तिघांतले दोघं परत आले. गंजकं म्हणणारा आता स्वतः दर मे महिन्यात कोकणात जातो, माफी सोडा, साधं ओळखही दाखवत नाही.

तुम्ही बोटीचं इंजिन घ्यायला जाणार असाल तर आधी ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा, पाणी बोटावर घेऊन जिभेला लावा, खारट लागलं तर ब्लॉकचे पैसे शून्य धरा आणि फक्त क्रँक, रॉड, गिअरचा भाव बोला. इंजेक्शन पंप टेस्ट बेंचवर लावल्याशिवाय चांगला म्हणू नका. आणि पाऊस लागायच्या आत घाट चढून परत या.

मधली वर्षं नीट गेली. गेल्या दिवाळीत अण्णांचा सेट परत उघडला, तोच मायक्रोमीटर लावला, आणि तो क्रँक पहिल्यांदा दहा थाऊ ग्राइंडला पाठवला.